हॉकीत बचावपटूने स्टिक कशी निवडावी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी १७ वर्षांचा असून आजवर आघाडीच्या फळीत खेळत होतो. या मोसमापासून प्रशिक्षकांनी मला बचावफळीत घेतले आहे. माझी सध्याची स्टिक वजनाला हलकी, लो बो (म्हणजे वाक खालच्या भागात) असलेली आणि ९५ टक्के कार्बनची आहे. जोरात आलेला पास अडवताना चेंडू स्टिकवरून उसळतो, टॅकलमध्ये माझी स्टिक मागे ढकलली जाते आणि लांब हिट मारताना चेंडू नको तेव्हा हवेत जातो. ‘डिफेन्सला जड स्टिकच हवी’ असे संघातील ज्येष्ठ खेळाडू सांगतात. नवी स्टिक घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर : आपल्या तीन तक्रारींची कारणे तीन आहेत आणि त्यांपैकी फक्त एकीचा वजनाशी संबंध आहे, तोही अर्धाच. त्यामुळे केवळ जड स्टिक घेतली तर दोन तक्रारी जशाच्या तशा राहतील आणि हात दुखू लागल्याची चौथी त्यात भर पडेल.

चेंडू हवेत जाण्यापासून सुरुवात करू, कारण बचावपटूला त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. स्टिक सपाट बाजू खाली करून जमिनीवर ठेवली असता मधे जे अंतर राहते त्याला बो म्हणतात. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार हे अंतर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि वाकाचा सर्वांत खोल बिंदू हेडच्या, म्हणजे चेंडू मारायच्या खालच्या वळलेल्या टोकाच्या, तळापासून २०० मिलिमीटरपेक्षा खाली येऊ नये. लो बो स्टिकमध्ये हा बिंदू त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला असतो. मिड बोमध्ये तो बराच वर, साधारणतः २५० ते ३०० मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि वाकही बहुधा थोडा उथळ असतो. वाक खाली असला की हात नेहमीच्या जागी असूनही हेडची सपाट बाजू किंचित आकाशाकडे उघडी राहते. गोलरक्षकाच्या पॅडवरून चेंडू काढू पाहणाऱ्या आक्रमकाला हे हवेच असते. बचावपटूला मात्र शंभरातले बहुतेक हिट जमिनीलगत आणि सरळ जायला हवे असतात. गोलवर मारलेला फटका सोडला तर हिट मारून चेंडू मुद्दाम उचलणे नियमबाह्य आहे. आणि मुद्दाम नसला तरी उंच गेलेला हिट जवळच्या खेळाडूला धोकादायक ठरला तर फ्री हिट जाते आणि हेच स्वतःच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरील अर्धवर्तुळात, घडले तर थेट पेनल्टी कॉर्नर.

चेंडू अडवतानाही हाच वाक आड येतो. उघड्या तोंडाच्या स्टिकवर वेगाने आलेला चेंडू वर चढतो. हात पुढे झुकवून, म्हणजे ग्रिपचा वरचा भाग चेंडूच्या पुढे ठेवून, यावर मात करता येते आणि अनेक चांगले बचावपटू लो बो घेऊन तसे खेळतातही. परंतु ही सवय अंगी मुरलेली नसताना, नव्या जागी खेळायला शिकत असताना, दर वेळी स्टिकशीच झगडण्यात अर्थ नाही. आपण मिड बो घ्यावी असे मी निःशंकपणे सुचवतो. मिड बोने लांब एरियल (हवेतून उंच दिलेला पास) टाकता येत नाही ही समजूत बरीच पसरलेली आहे, पण ती खरी नाही; एरियलसाठी चेंडूच्या शेजारी पाय नीट येणे, हेड चेंडूच्या खाली जाणे आणि अंगाचे वजन पुढे सरकणे या गोष्टी वाकातील चार-पाच मिलिमीटरच्या फरकापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या असतात.

पास उसळण्यात वाकाइतकाच हात कार्बनचा आहे. कार्बनच्या तंतूंमुळे स्टिक ताठ होते आणि ताठ स्टिक आदळलेल्या चेंडूचा वेग स्वतःत फारसा जिरवत नाही. मारताना जी शक्ती चेंडूला मिळते तीच अडवताना आपल्यावर उलटते. काचतंतू आणि अॅरामिड (एक चिवट कृत्रिम तंतू) यांचे प्रमाण अधिक असलेली स्टिक थोडी लवचिक असते, तिच्यातील कंपने लवकर शमतात आणि चेंडू हेडजवळच राहतो. १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा टणक चेंडू समोरून पूर्ण वेगाने येतो तेव्हा हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. बचावपटूचे निम्मे काम दुसऱ्याने मारलेला चेंडू मेल्यासारखा थांबवण्याचे असल्यामुळे ४० ते ७० टक्के कार्बनची स्टिक आपल्याला अधिक मानवेल. हे आकडे ढोबळच समजावेत, कारण टक्केवारी सारखी असली तरी थर कसे रचले आहेत आणि राळ कोणती वापरली आहे यावरही ताठपणा ठरतो. दोन उत्पादकांच्या ७० टक्क्यांच्या स्टिक हातात अगदी वेगळ्या वाटू शकतात. जास्त कार्बन म्हणजे वरच्या दर्जाची स्टिक, हे समीकरण मात्र मनातून काढून टाकावे.

आता वजन. जड स्टिकचा सल्ला लाकडी स्टिकच्या काळातून आलेला आहे. त्या काळी लांब हिटला जोर मिळवायचा तर लाकूड जास्त हवे, म्हणून फुलबॅक खेळाडू जड स्टिक बाळगत असत. कंपोझिट स्टिकमध्ये जोर ताठपणातून आणि हेडच्या वेगातून मिळतो, त्यामुळे त्या सल्ल्याचा मूळ आधारच उरलेला नाही. शिवाय बचावाची पद्धतही बदलली. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि पुढे टर्फ सर्वत्र रुळले. त्यावर चेंडू उड्या न मारता सपाट धावत असल्याने गुडघ्यात वाकून, स्टिक जमिनीला जवळजवळ समांतर आडवी टाकून चेंडू अडवणे विश्वासाचे झाले. हे आडवे टॅकल, डाव्या हाताने अचानक केलेला जॅब (स्टिक झटकन पुढे खुपसणे), फसल्यास लगेच मागे घेऊन केलेला दुसरा जॅब, रिव्हर्स बाजूला, म्हणजे डावीकडे, वळून उलटी लावलेली स्टिक, ही सगळी कामे चपळ मनगटाची आहेत. जड स्टिक जॅबला जाते वेळेवर, परत येते उशिरा. आणि आक्रमक नेमकी त्या उशिराचीच वाट पाहत असतो.

तरीही ज्येष्ठांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. आमनेसामने झालेल्या ब्लॉक टॅकलमध्ये दोन्ही स्टिक एकाच चेंडूवर दाबल्या जातात तेव्हा फार हलकी स्टिक मागे रेटली जाते. तिथेही सगळा दोष वजनाला देऊ नये, कारण दोन्ही हात एकमेकांपासून दूर, स्टिक घट्ट आणि पाय रोवलेले असतील तर हलकी स्टिकही तग धरते, आणि एका हाताने घाईत केलेल्या टॅकलमध्ये जडही टिकत नाही. नियमाने स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपर्यंत चालते, परंतु हल्ली मोठ्यांच्या बहुतेक कंपोझिट स्टिक ५२० ते ५८० ग्रॅमच्या आसपास असतात. आपण ५४० ते ५६० ग्रॅमच्या टप्प्यात शोधावे.

वजनाच्या आकड्यापेक्षाही ते कुठे साठले आहे हे अधिक पाहावे. एकाच वजनाच्या दोन स्टिक बोटावर तोलून धरल्या तर एकीचा तोल हेडकडे आणि दुसरीचा ग्रिपकडे आढळू शकतो. हेडकडे तोल असलेली स्टिक हिटला चांगली, जॅबला सुस्त. निवडताना स्टिक फक्त डाव्या हाताने ग्रिपच्या टोकाशी धरावी, गुडघ्यात वाकावे, हात पूर्ण लांबवून जमिनीलगत सलग काही जॅब करावेत आणि प्रत्येक वेळी हेड मूळ जागी आणून थांबवावे. हेड थांबवायच्या जागेच्या पुढे घसरत असेल किंवा टो (हेडचे पुढचे टोक) खाली झुकत असेल, तर ती स्टिक आपल्या मनगटाला जड आहे, मग तिच्यावरचा आकडा काहीही असो. वर दुसरी ग्रिप गुंडाळल्यास तोल थोडा हाताकडे सरकतो, पण एकूण वजनही वाढते आणि दांडा जाड होतो, हे लक्षात ठेवावे.

लांबीच्या बाबतीत बचावपटूंना मोह फार होतो. मोठ्यांसाठी साडेछत्तीस आणि साडेसदतीस इंच या लांबी सर्रास मिळतात आणि नियमाची कमाल मर्यादा १०५ सेंटिमीटर आहे. लांब स्टिकने पोहोच वाढते हे खरे, पण एका इंचाने वाढते ती अडीच सेंटिमीटर. पुढचा पाय लांब टाकून झुकल्याने, म्हणजे लंजने, त्याच्या अनेक पट वाढते. उलट स्टिक उंचीच्या मानाने लांब असेल तर खाली वाकल्यावर तिचे टोक पोटाशी अडते, खेळाडू नकळत ताठ उभा राहतो आणि ताठ उभा बचावपटू एका साध्या डॉजमध्ये मागे पडतो. सध्याच्या स्टिकने वाकताना अडथळा येत नसेल, तर तीच लांबी ठेवावी.

हेडच्या आकाराबाबत थोडक्यात सांगता येईल. मिडी हे सर्वांत सर्वसमावेशक. मॅक्सीमध्ये अडवायला पृष्ठभाग जास्त मिळतो, रिव्हर्स बाजूलाही चेंडू सहसा निसटत नाही, पण टोच्या बाजूला वजन वाढते. ज्यांना रिव्हर्सने अडवताना अजून खात्री वाटत नाही त्यांनी मॅक्सी जरूर हातात धरून पाहावी. शॉर्टी हेड चेंडू नाचवणाऱ्यांसाठी ठीक आहे. बचावासाठी मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : मी संघात सेंटर बॅक आहे आणि पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिकही (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन भिरकावणे) मीच करते. ड्रॅग फ्लिकसाठी लो बो हवी आणि बचावासाठी मिड बो, असे ऐकते. दोन स्टिक ठेवून कॉर्नर मिळाला की बदलता येईल का?

उत्तर : बदलता येणार नाही. पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत खेळाडूला स्टिक बदलण्याची मुभा नाही. हातातली स्टिक मोडून नियमात बसेनाशी झाली तरच अपवाद केला जातो. त्यामुळे एकाच स्टिकवर दोन्ही कामे निभावणे भाग आहे आणि आपण या पेचात एकट्या नाही. जगातील कितीतरी नामांकित ड्रॅग फ्लिकर मूळचे बचावपटू आहेत. पाकिस्तानचे सोहेल अब्बास बचावपटूच होते आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० गोल करून स्पर्धेत अव्वल ठरलेले भारताचे तेव्हाचे कर्णधार हरमनप्रीत सिंगही बचावफळीतच खेळतात.

ड्रॅग फ्लिकमध्ये चेंडू दांड्याच्या खालच्या भागात बसून हेडकडे घरंगळत येतो आणि त्या प्रवासात वेग घेतो. खाली असलेला खोल वाक चेंडूला तिथे धरून ठेवतो, म्हणून लो बोचा फायदा निर्विवाद आहे. कॉर्नरवरचा पहिला फटका हिट असेल तर तो गोलरेषा ४६० मिलिमीटरपेक्षा अधिक उंचीवर ओलांडू शकत नाही, पण फ्लिकला ही मर्यादा नाही. हीच सवलत या तंत्राला एवढी धार देते. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की आपल्या संघात ड्रॅग फ्लिक हे प्रमुख अस्त्र आहे की अधूनमधून काढायचे. प्रमुख असेल तर लो बो घ्यावी आणि अडवताना व हिट मारताना हात पुढे ठेवण्याचा सराव नेटाने, रोजच्या सरावाचा भाग म्हणून करावा. कार्बनचे प्रमाण मध्यम ठेवल्यास अडवण्याचे नुकसान काहीसे भरून निघते. फ्लिक अधूनमधून होत असेल, तर मिड बोच बरी. सामन्यात कॉर्नर मोजके मिळतात, अडवावे लागणारे पास मोजण्यापलीकडचे असतात.

कॉर्नर आपल्यावर आला असताना गोलरेषेवर उभे राहण्याची जबाबदारीही आपलीच असेल, तर मॅक्सी हेडचा विचार करावा. रेषेवरील बचावपटूला अंगावर येणारा फ्लिक खांद्याच्या वरही स्टिकने अडवता येतो आणि तिथे हेडची थोडी अधिक रुंदी कामी येते. तोंडावर मास्क आणि हातात संरक्षक ग्लोव्ह मात्र त्याहून आधी हवेत.

प्रश्न : माझी ११ वर्षांची मुलगी शाळेच्या संघात बचावफळीत खेळू लागली आहे. तिला लाकडी स्टिक द्यावी की कंपोझिट? पुढची काही वर्षे पुरावी म्हणून थोडी लांब घेतली तर चालेल का?

उत्तर : तुतीच्या लाकडाची चांगली स्टिक चेंडू मऊपणे अडवते आणि शिकणाऱ्या हाताला ती सोसवते. कंपोझिट घ्यायची असल्यास कार्बन नसलेली किंवा अगदी कमी असलेली, हलकी आणि मिड बोची घ्यावी. ओल्या टर्फवर नियमित खेळ होणार असेल तर कंपोझिट बरी, कारण सततच्या पाण्याने लाकूड फुगते आणि त्याचे तंतू सुटू लागतात.

वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी स्टिक घेऊ नये. उभे राहून जमिनीपासून नितंबाच्या हाडापर्यंत येणारी लांबी मुलांसाठी ठीक समजली जाते. त्याहून लांब स्टिक हातात आली की मूल दांडा मधोमध धरू लागते, ताठ उभे राहते आणि वाकून टॅकल करण्याची सवय ज्या वयात लागायला हवी त्याच वयात ती लागत नाही. मुलगी मोठी झाल्यावर ही जुनी स्टिक दुसऱ्या एखाद्या लहान खेळाडूला देता येईल. फक्त देण्यापूर्वी हेडच्या तळाशी आणि टोवर बोट फिरवून पाहावे, कारण बचावपटूची स्टिक सर्वप्रथम तिथेच झिजते, आणि जिथे तंतू बाहेर आले आहेत किंवा कडा खरबरीत व धारदार झाली आहे अशी स्टिक खेळायला नियमाने चालत नाही.