एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी की ३२? आणि पेशीत अन्न 'जळतं' तर आतून भाजत कसं नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलीच्या अकरावीच्या गाईडमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३८ एटीपी (पेशी कामासाठी खर्च करते ते ऊर्जेचं नाणं) मिळतात असं छापलंय, क्लासमध्ये ३६ सांगितले आणि नेटवर ३० ते ३२ दिसतात. यातलं खरं कोणतं? आणि पेशीत अन्न जळतं म्हणतात, तर आपल्याला आतून भाजत कसं नाही? मी बी.एस्सी.च्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात, आणि नेमका तोच भाग वर्गात शेवटच्या तासाला घाईघाईने उरकला जातो.

आधी भाजण्याचं बघू. ग्लुकोज चमच्यात धरून पूर्ण जाळलं काय किंवा पेशीने वापरलं काय, जमाखर्च तोच: कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि दर १८० ग्रॅममागे साधारण ६८६ किलोकॅलरी. चमच्यात ही सगळी ऊर्जा एका दमात उष्णता होऊन निघून जाते. पेशीत तेच काम वीसहून जास्त पायऱ्यांनी होतं, जवळजवळ प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम, आणि दर पायरीला थोडीशीच ऊर्जा सुटते. उष्णता निर्माण होतच नाही असं मात्र नाही. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊनच जाते. आपलं अंग गरम असतं ते त्यामुळेच. मोड आणायला फडक्यात घट्ट बांधून ठेवलेली मटकी सकाळी सोडा आणि मधोमध बोट घालून बघा. कोमट लागते. ती ऊब बाहेरच्या हवेची नसते, दाण्यांच्या श्वसनाची असते.

आता आकड्याकडे. ग्लायकोलिसिस आणि क्रेब्ज चक्र, म्हणजे ग्लुकोज तोडण्याचे पहिले मोठे टप्पे, पुस्तकात पानंच्या पानं असतात, म्हणून मी त्यांचा फक्त हिशेब देते. हे दोन्ही आणि मधला पायरुवेटचा टप्पा संपेपर्यंत ग्लुकोजचे सहाही कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटलेले असतात. आणि हातात एटीपी किती? फक्त ४ (त्यातले दोन बऱ्याचदा जीटीपी या एटीपीच्या भावंडाच्या रूपात). शिवाय आतापर्यंत श्वासातल्या ऑक्सिजनचा एकही रेणू थेट खर्ची पडलेला नसतो! वर्गात मी इथे थांबते आणि विचारते, मग ऊर्जा गेली कुठे? ती असते ग्लुकोजमधून काढलेल्या इलेक्ट्रॉनांत. ते आता १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-टू या वाहकांकडे जमा झालेले असतात.

हे वाहक आपले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीला देतात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून पुढच्या प्रथिनाकडे उतरत जातात, आणि सुटणाऱ्या ऊर्जेवर ही प्रथिनं हायड्रोजनचे आयन, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर ढकलतात. साखळीच्या अगदी शेवटी ऑक्सिजन उभा असतो. उतरून आलेले इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं पाणी होतं. दिवसभर, झोपेतसुद्धा, आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या जागेसाठी. सायनाइड नेमकी हीच जागा अडवतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

बरं, प्रोटॉन बाहेर ढकलून मिळवलं काय? तर दाब. पडद्याच्या दोन बाजूंमध्ये साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पडदा जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाडीचा आहे. मीटरच्या हिशेबात मांडलं तर हे तीन कोटी व्होल्टच्या आसपास जातं. आपल्याकडे घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, तसंच हे काम चालतं: विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं, आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायची. पेशीत इलेक्ट्रॉनांची साखळी हा पंप, आणि टर्बाइनचं नाव एटीपी सिंथेज. फरक इतकाच की पेशीत चढवणं आणि सोडणं एकाच वेळी, अखंड चालू असतं.

आज हे सरळ वाटतं, पण १९६१ साली पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते मांडलं तेव्हा फार थोड्यांनी मनावर घेतलं. तोवर सगळ्यांची खात्री होती की इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपी यांच्यामध्ये एखादं ऊर्जाभारित रसायन असणार. कित्येक प्रयोगशाळांनी ते वर्षानुवर्षं शोधलं. ते सापडलं नाही, कारण ते नव्हतंच. मिचेल पुढे तब्येतीमुळे एडिंबरा विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमध्ये गेला, तिथे एक जुना पडका वाडा दुरुस्त करून त्यातच प्रयोगशाळा थाटली, आणि जेनिफर मॉयल या सहकारी संशोधिकेबरोबर मोजमापं करत राहिला. १९७८ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला या सगळ्यात जास्त आवडतो तो १९६६ चा आंद्रे जागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरीबे यांचा प्रयोग. त्यांनी पालकाच्या पानातल्या हरितलवकांचे, म्हणजे प्रकाशावर एटीपी बनवणाऱ्या हिरव्या भागांचे, पडदे घेतले, अंधारात आम्ल द्रावणात भिजत ठेवले आणि मग एकदम अल्कलीच्या बाजूच्या द्रावणात टाकले. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नाही, नुसता दोन बाजूंच्या प्रोटॉनांमधला फरक. एटीपी तयार झालं.

टर्बाइन हा शब्दही नुसता शोभेचा नाही. एटीपी सिंथेजला खरोखर फिरणारा दांडा असतो. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या प्रथिनाचं डोकं काचेवर चिकटवलं, मधल्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला आणि एटीपी घातलं. यंत्र उलटं चाललं, एटीपी तोडून दांडा फिरू लागला, आणि तो धागा घड्याळाच्या उलट दिशेने गरगरताना सूक्ष्मदर्शकातून दिसला. एकच रेणू, आणि तो फिरताना दिसतो! त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्राच्या उलगड्यासाठी नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता ३८ चा घोळ सुटतो. जुन्या पुस्तकांत एक एनएडीएच म्हणजे ३ एटीपी, एक एफएडीएच-टू म्हणजे २ एटीपी असं पूर्णांकात धरलं होतं. मग १० × ३, अधिक २ × २, अधिक थेट मिळालेले ४, झाले ३८. मधे ठरावीक रसायन असतं तर पूर्णांक येणं योग्यही होतं. पण मधे आहे साठवलेला दाब. एका एनएडीएचच्या इलेक्ट्रॉनांमुळे १० प्रोटॉन ढकलले जातात, एफएडीएच-टूमुळे ६. एक एटीपी बनवून मायटोकॉन्ड्रियाबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. म्हणजे अडीच आणि दीड. आता करा बेरीज: २५ अधिक ३ अधिक ४, झाले ३२. ग्लायकोलिसिसमधले दोन एनएडीएच पेशीद्रव्यात तयार होतात. त्यांचे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात कोणत्या वाटेने जातात त्यावर दोन एटीपी कमी होऊ शकतात, म्हणून ३०. जुन्या हिशेबात ३८ चे ३६ होतात तेही याच कारणाने. क्लासचे ३६ बहुधा तिथूनच आले असणार.

आणि ते '४' सुद्धा दगडावरची रेघ नाही. टर्बाइनच्या चक्राला गाईच्या मायटोकॉन्ड्रियात ८ पाती असतात, यीस्टमध्ये १०. एका फेरीत दोन्हीकडे ३ च एटीपी बनतात, पण प्रोटॉन पात्यांइतके लागतात. म्हणजे तेवढ्याच ग्लुकोजवर यीस्टपेक्षा गाईची कमाई जास्त!

शिवाय पडदा थोडा गळतोच. काही ठिकाणी ही गळती मुद्दाम ठेवलेली असते: तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून परत येतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होते. बाळाला कुडकुडून अंग गरम ठेवता येत नाही, त्याची सोय ही. पण हीच गळती औषधाने सगळ्या अंगात केली तर? १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल (डीएनपी) वजन कमी करायला विकलं जायचं. वजन उतरायचं, आणि काही माणसं अंगातल्या तापाने मरायची. १९३८ मध्ये ते बंद करावं लागलं. आजही 'फॅट बर्नर' म्हणून ऑनलाइन कुणी डीएनपी विकताना दिसलं तर लांबच राहा. अन्न जळूनही आतून भाजत का नाही, हा तुमचा प्रश्न इथे उलटा होतो: पडदा भसाभसा गळू लागला तर भाजतं.

मुलीला सांगा, परीक्षेत पुस्तकात असेल तोच आकडा लिहायचा, पण शेजारी 'एक एनएडीएच = ३ एटीपी धरून' एवढं नोंदवायचं. पेपर तपासणारा नव्या हिशेबाचा असला तरी मार्क कापायला जागा राहत नाही.