कागद तिच्या हातात दे

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. ऊसतोड मजुरांच्या तळावर संध्याकाळचा कार्यक्रम घेतलास, टोळी आणणाऱ्या मुकादमानं बायका गोळा करून दिल्या, फ्लेक्स लागला, रक्तवाढीवर बोललीस, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात एक बाई फिरकली नाही. आणि आता विचारतीयस की मॅडम, या बायकांना कळत नाही की मलाच सांगता येत नाही?

अगं, दोन्ही नाही. सकाळी अकराला तू खुर्चीत वाट बघत होतीस तेव्हा त्या फडात होत्या, पहाटे चारला निघालेल्या. नवराबायको मिळून एक कोयता, बाई बसली की कोयता बसला, मग खाडा लागतो आणि खाड्याचे पैसे उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, चढतात. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत हे तू त्यांना सांगितलंस, चांगलं केलंस, पण तिच्या हिशोबात दवाखाना फुकट नसतोच, तिथं जायला एक दिवस लागतो आणि तो दिवस कुणी फुकट देत नाही. एवढं तुला तीन महिन्यांत कळायला हवं होतं.

म्हणून रात्री जा. गाडी भरून नवरा कारखान्यावर नंबरला लागलेला असतो, बाई कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापत असते, तेव्हा टॉर्च आणि बीपीचं मशीन घेऊन तिच्या चुलीपाशी बस. हे तू कधी ना कधी स्वतःच शिकली असतीस. मला सांगायचंय ते दुसरंच आहे आणि ते मी तुला फोनवर दोनदा सांगितलंय, तरी तू अ‍ॅपवर नोंद केली म्हणून खूश आहेस.

जे तपासलंस ते लिही आणि तो कागद तिच्या हातात दे. मुकादमाकडं नको, नवऱ्याकडं नको, टोळीतल्या शिकलेल्या पोराकडं पण नको. तिच्या हातात.

कारण आज ही टोळी वाळव्यात आहे, पंधरा दिवसांनी पलूसला असेल, नाहीतर कराडकडं. तुझी नोंद तुझ्या अ‍ॅपमध्ये, गावाकडचं माता-बाल कार्ड बीडला पेटीत, आणि बाई आठव्या महिन्यात मोळ्या उचलतीय. आमच्या भागात अशीच एक बाई रात्री पोटात दुखतंय म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, नाव नाही घेत त्या दवाखान्याचं. कितवा महिना, रक्तगट काय, रक्तातलं एचबी किती, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, एकाचंही उत्तर तिला देता येईना, नवरा कारखान्याच्या यार्डात, सोबत सासू. कुणी हात लावायला तयार नाही, पुढं न्या म्हणाले. सगळ्या तपासण्या आम्हीच केलेल्या होत्या हो! माझ्या रजिस्टरात व्यवस्थित निळ्या शाईत. पण रजिस्टर माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप. बाई मिरजेच्या सिव्हिलला पोचली, सुटली, पण ती रात्र आठवली की अजून डोकं फिरतं माझं.

तेव्हापासून मी कागद देत आले. छापील कार्ड संपलं तर वहीचं पान. मोठ्या मराठी अक्षरात तारीख, महिने, एचबी, बीपी, कुठली सुई दिली, पुढची कधी, आणि खाली माझा नंबर, आणि अ‍ॅम्ब्युलन्सचे 102 आणि 108. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून द्यायची. वरिष्ठ म्हणायचे ही बाहेरगावची माणसं, आपल्या टार्गेटात धरत नाहीत, कशाला वेळ घालवता. मी म्हणायचे पोराला गोवर झाला तर तो विचारून होणारे का तू कुठल्या तालुक्याचा? बाहेरगावचे म्हणजे तरी कोण, आपल्या जत-आटपाडीचे आणि माणचे लोकही कोयता घेऊन निघतातच की. माझ्या गोपनीय अहवालात काय काय लिहिलं गेलं ते जाऊ दे. माझ्या पोरीच्या दहावीच्या वर्षी मी संध्याकाळी घरात नसायचे, ती अजून टोमणा मारते. मारू दे. तिला शिकवणी होती, त्या बायकांना कोण होतं? हे मी तिला पण असंच सांगते आणि ती उठून आत जाते.

असो. कागदावर फक्त आकडे नकोत. लोहाची गोळी चहाबरोबर नको, रात्रीच्या भाकरीनंतर घे, शी काळी होईल, घाबरू नको, हे लिही. हे सांगितलं नाही की गोळ्या उसाच्या सरीत जातात आणि मग आपण म्हणतो बायकांना कळत नाही. टीबीचा पेशंट असेल तर निक्षय नंबर, म्हणजे त्याच्या सरकारी टीबी नोंदीचा नंबर, लिही, देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात त्याच नंबरावर गोळ्या पुढं चालू राहतात, पण नंबर जवळ असला तर ना.

आणि अंगावरून पांढरं जातंय म्हणणारी बाई, तिचा कागद तर सगळ्यात नीट लिही. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले, ऊसतोड करणाऱ्या 82,309 जणींच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. फडात संडास नाही, पाळीत धुवायला पाणी नाही, त्यातून इन्फेक्शन, बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणारं, आणि कुणीतरी सांगतं कॅन्सर होईल, काढून टाका. तिशीतली बाई, पुढं हाडं दुखतात, अंगातनं वाफा निघतात, कोयता काही सुटत नाही. तिच्या हातात कागद असेल की अमक्या तारखेला तपासलं, इन्फेक्शन होतं, गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली, ठीक आहे, तर निदान दुसऱ्या डॉक्टरपुढं तो टाकून विचारता तरी येईल. नाहीतर तो म्हणेल तेच खरं.

तू म्हणशील त्यांना वाचता येत नाही. पोरांना येतं. मेडिकलवाल्याला येतं. रात्री दोनच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला येतं, कागद त्याच्यासाठीच आहे.

आता पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, फार दिवस नाहीत. पट्टा पडला की टोळ्या दोन दिवसांत रिकाम्या होतात, तेव्हा तुझ्या यादीतल्या गरोदर आणि लहान पोरांच्या आया आधी गाठ, गावाकडच्या उपकेंद्राचं नाव विचारून कागदावर लिही आणि तिथल्या सिस्टरला फोन कर, ती वैतागेल, तरी कर. मुकादम म्हणेल माझ्याकडं द्या मॅडम, मी वाटतो. हसून नाही म्हण. आणि जेलपेन वापरू नको, घामानं पसरतं.