आजीच्या डबीतली सुटी गोळी तीन वर्षांच्या नातवाने गिळली असावी. कुठली ते माहीत नाही. काय करावं?

वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात न्या. मूल आत्ता मजेत खेळतंय, यावर विसंबू नका. डबीत मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, तर एका गोळीनेही एवढ्या मुलाची साखर धोकादायक उतरू शकते, आणि तीही कधीकधी कित्येक तासांनी, झोपेत. म्हणून डॉक्टर रात्रभर ठेवून घ्यायचं म्हणाले तर कुरकुर करू नका. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्याही तेवढ्याच वाईट.

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. शेजारपाजारचे हमखास सुचवतील, पण त्या मिठानेच सोडियम वाढून जीव गेल्याच्या नोंदी आहेत.

डबी, उरलेल्या गोळ्या आणि आजींची प्रिस्क्रिप्शनं सोबत घ्या. निम्मं निदान त्यातच असतं. रंगावरून नेटवर गोळी ओळखत बसू नका. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांवर कसलीच खूण नसते. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास सल्ला देतं, टोल-फ्री १८०० ११६ ११७. वाटेत गाडीतून फोन करा. मूल पेंगत असेल, घामाघूम झालं असेल किंवा झटका आला, तर आधी १०८.