काळ्या झबल्यातला फोटो

प्रिय मन्या,

परवा आजीनं तुझा तान्हेपणीचा फोटो पाठवला तेव्हा तू विचारलंस, "आई, मी काळे कपडे घातलेत, वरून खाऊ पडतोय, बाकीची मुलं गोळा करतायत. हे मराठी हॅलोवीन आहे का?" मी फोडणी करत होते, "नाही रे" म्हणून मोकळी झाले. म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर मला विचार.

ते तुझं बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं. तू दहा महिन्यांचा होतास, आपण साताऱ्याला गेलो होतो. काळं झबलं आजीनं शिवलेलं, वर हलव्याचे दागिने: मुकुट, हार, हातात मुरली. काळ्यावर पांढरा हलवा कसा उठून दिसतो! तू मुकुटातला एक दाणा तोंडात टाकलास आणि आत्यानं बोट घालून तो काढला. मग औक्षण झालं आणि आजीनं तुझ्या डोक्यावरून ओतली बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, बत्तासे. तू भोकाड पसरलंस. गल्लीतल्या पोरांना त्याचं काही नव्हतं, ती सतरंजीवर तुटून पडली होती.

हलवा आणि बत्तासे म्हणजे साखरच. बाकी सगळं मात्र जानेवारीत साताऱ्याच्या मंडईत येणारं. ऊस चावावा लागतो, शेंग सोलावी लागते, बोराची बी थुंकावी लागते. घाईघाईनं पोटभर खाताच येत नाही. ऋतू बदलताना मूल आजारी पडू नये म्हणून बोरन्हाण, असं आजी सांगते.

मग हॅलोवीनला सोंगं घेऊन दारात खाऊ मागायला येणाऱ्या मुलांना आपण शेंगा, चिक्की का देत नाही, हे तू विचारणारच. अरे, देऊन झालंय! 2024 ला दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, आठवतं? दारात एकीकडे पणत्या, दुसरीकडे तू कोरलेला भोपळा. चॉकलेटपेक्षा शेंगदाण्याची चिक्की बरी, म्हणून मी घरी केली आणि बटर पेपरात गुंडाळून ठेवली. मधमाशी झालेली एक चिमुरडी आली. तिच्या बाबांनी वडी उलटीसुलटी करून बघितली आणि यात काय काय आहे म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, गूळ आणि शेंगदाणे. त्यांनी वडी हळूच परत ठेवली. लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी, खांद्याच्या पिशवीत तिचं इंजेक्शन. माझ्या कागदावर तर एक अक्षर नव्हतं. त्या रात्री मी उरलेली चिक्की आत नेली.

तिळाचंही तेच. इथे अमेरिकेत पाकिटावर ठळकपणे सांगावेच लागतात अशा ॲलर्जीच्या पदार्थांत 1 जानेवारी 2023 पासून तीळ नववा आला. साताऱ्याच्या गल्लीत कोणाला काय चालत नाही हे आजीला पाठ असतं. इथे मुखवट्याआड कोण आहे तेच आपल्याला ठाऊक नसतं.

आणि गूळ घातला की पौष्टिक, हे मावशीचं म्हणणं तुझ्या दातांना पटणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते 2 ते 18 वर्षांच्या मुलांनी दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे साधारण सहा चमचे. छोट्या चॉकलेटच्या एका बारात सात-आठ ग्रॅम असते. तीन खाल्ले की कोटा संपत आला! मनुकांच्या डब्याही मी ठेवून पाहिल्या. एका डायनासोरनं डबी उघडून बघितली आणि परत टाकली. तसा तो फार चुकला नाही, मनुके दातांना चिकटून बसतात, चॉकलेट त्या मानानं लवकर धुऊन जातं.

या वर्षी दोन टोपल्या ठेवू. एकीत छोटी संत्री, त्यांच्यावर भोपळ्याची तोंडं तू मार्करनं काढ, आणि सोबत थोडी चॉकलेटं, घटक छापलेल्या वेष्टनातलीच. दुसरीत खायचं काहीच नाही: पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणारी कडी. तिच्याशेजारी निळसर हिरवा रंगवलेला भोपळा. 2014 पासून देशभर ही खूण झालीय, इथे न खायची भेट मिळते म्हणून. कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न नकोत, चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. तो फोटो आता बघताना मला आधी आत्याचं बोटच दिसतं.

जानेवारीत छकुलीचं बोरन्हाण इथेच, न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसनला करायचंय. चुरमुरे ओक ट्री रोडवरून आणते. वरून आणखी काय ओतायचं त्याची यादी तू कर. शेंगा आणि तीळ मात्र नकोत, मधमाशीलाही बोलावलंय.

तुझी,
आई