साताऱ्यातल्या तुमच्या पहिल्या हाफ मॅरेथॉनआधी (२१ किलोमीटरची शर्यत)

कामाच्या पाळ्या सांभाळून आठवड्यात चार दिवस धावताय, तेवढं पुरे. आता फक्त हे बघा:

- शेवटची लांब धाव शर्यतीच्या दोन आठवडे आधी. मग अंतर कमी करत न्या. राहिलेला सराव भरून काढायला शेवटच्या आठवड्यात १८ किलोमीटर धावणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र राहतो.
- रात्रपाळीनंतर सकाळी झोपा. बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढू नका.
- नवे बूट नकोत.

शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटात दम लागला तर खुशाल चाला, परतीच्या उतारावर मांड्यांत ताकद हवी. वेगाचा सराव पुढच्या वर्षी बघू. शर्यतीआधीच्या रात्रीची पाळी मात्र आजच बदलून घ्या.