जवारी ऐकू आली पाहिजे, असं रेकॉर्डिंग

प्रश्न : काका, नमस्कार. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. मिरजेत पन्नास वर्षं त्यांनी तंबोरे बनवले. आता हात थरथरतो म्हणून काम थांबलंय, पण कान अजून तिखट आहे. सह्याद्री आणि डीडी भारतीवर जुन्या मैफली लागतात, त्या नेमक्या ते झोपल्यावर. गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे. या मैफली कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन त्यांना दुसऱ्या दिवशी ऐकवायच्या आहेत. एका दुकानदारानं आय-सेव्हन, ग्राफिक्स कार्ड वगैरे धरून ६८ हजारांचं कोटेशन दिलं. म्हणाला, “रेकॉर्डिंगला ताकद लागते.” खरंच एवढं लागतं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, नाही लागत. ते कोटेशन घडी घालून ठेवून द्या.

त्या दुकानदाराचं वाक्य वीस वर्षांपूर्वी खरं होतं. २००३-०४ च्या सुमारास गणपती पेठेतल्या माझ्या दुकानात मी कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्डं, म्हणजे टीव्हीचा सिग्नल पकडून कॉम्प्युटरला देणारी कार्डं, बसवून द्यायचो. तेव्हा केबलवरून येणारा सिग्नल अ‍ॅनालॉग होता. कॉम्प्युटरला सेकंदाला २५ चित्रं स्वतः टिपावी लागायची. एकेक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे कच्चा माल सेकंदाला सुमारे २० एमबी आणि तासाला ७० जीबीच्या वर. एवढी जागा कुणाकडेच नव्हती, म्हणून तो माल येता येताच दाबून लहान करावा लागे. त्यात पेंटियम फोरची दमछाक व्हायची आणि मधली चित्रं गळायची. ताकद लागायची ती या दाबण्याला.

तुमच्या छत्रीवर येतो तो सिग्नल वेगळा आहे. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि चित्र-आवाज दाबून, बांधून देण्याचं काम प्रसारण होतानाच झालेलं असतं. तुमच्या कॉम्प्युटरनं ते तयार आकडे नुसते डिस्कवर लिहून घ्यायचे. दहा वर्षांपूर्वीचा ऑफिसातला कॉम्प्युटरही हे काम करता करता दुसरी चार कामं करतो. ग्राफिक्स कार्डाचा रेकॉर्डिंगशी संबंधच येत नाही. बघतानासुद्धा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असलेलं ग्राफिक्स या वाहिन्यांना भरपूर झालं.

आणि हे नुसतं पैसे वाचवण्यापुरतं नाही. आलेले आकडे जसेच्या तसे लिहून घेतले तर आवाज जसा प्रसारित झाला तसाच राहतो. पुन्हा दाबून छोटी फाईल केली, तर पहिल्यांदा मार बसतो तो बारीक, वरच्या स्वरांना. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर घोडीवर कानस फिरवून जी जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणकार, काढली, ती त्या वरच्या स्वरांतच असते. साध्या माणसाला फरक कळणार नाही. त्यांना पहिल्याच मिनिटाला कळेल. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्व्हर्ट’ किंवा ‘कॉम्प्रेस’ असं काही विचारलं तर ‘नाही’ म्हणा आणि फाईल टीएस प्रकारातच, म्हणजे जशी प्रसारणात आली तशीच, राहू द्या.

काही विकत घेण्याआधी एक बघा. तुमच्या फ्री डिशच्या बॉक्सला यूएसबीचं भोक आहे का? बऱ्याच बॉक्समध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असते. आठवड्याला एखादीच मैफल हवी असेल तर तेवढ्यावर भागेल. फक्त पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल, तर एक फाईल ४ जीबीच्या पुढं जात नाही. काही बॉक्स तिथं दुसरी फाईल सुरू करतात, काही गप्प थांबतात. मी एकदा बहिणीसाठी संगीत नाटक लावून ठेवलं होतं. तिसरा अंक सुरू झाला आणि रेकॉर्डिंग तिथंच संपलं. ते नाटक पुन्हा लागलेलं मी पाहिलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

रोजचं रेकॉर्डिंग असेल तर कॉम्प्युटरच बरा. सगळ्यात आधी ट्यूनर ठरवा, कॉम्प्युटर त्याच्यामागून. ट्यूनरच्या खोक्यावर ‘डीव्हीबी-एस-टू’ लिहिलेलं पाहिजे. त्यातला ‘एस’ म्हणजे सॅटेलाइट. ‘डीव्हीबी-टी’ हा जमिनीवरच्या टॉवरवरून एरियलला येणाऱ्या सिग्नलचा प्रकार, तुमच्या छत्रीला तो जुळणार नाही. नुसतं ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणून स्वस्तात मिळणारं जुनं अ‍ॅनालॉग कार्ड तर हातातही धरू नका. ट्यूनर दोन तऱ्हेचे मिळतात : कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं कार्ड आणि बाहेरून यूएसबीला जोडायचा डबा. डबा घेतलात तर त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे ना, ते बघा. छत्रीच्या एलएनबीला, म्हणजे तिच्यासमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज ट्यूनरकडूनच वायरीतून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट, आणि नुसत्या यूएसबीच्या जिवावर ते जमत नाही. परत घेण्याच्या बोलीवरच ट्यूनर घ्या आणि घरी आणल्या दिवशी तुम्हाला हव्या त्या दोन्ही वाहिन्या लागतात का, ते तपासा.

कॉम्प्युटर वापरलेला घ्या. ऑफिसांतून निघालेले आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचे किंवा त्यापुढचे, ८ जीबी रॅमचे डेस्कटॉप सांगली-कोल्हापुरात सहज मिळतात आणि तुमच्या कोटेशनच्या पाव किमतीत बसतात. आतलं कार्ड घेणार असाल तर कॉम्प्युटरचा डबा उभा, मोठा आणि आत रिकामी पीसीआय एक्सप्रेसची खाच पाहिजे. टीव्हीच्या मागं चिकटवायचा छोटा कॉम्प्युटर दिसायला छान, पण त्याला यूएसबीचाच ट्यूनर लागेल.

आता हार्ड डिस्क. हा हिशोब एकदा समजून घेतलात की पुढं कुणी फसवू शकणार नाही. साध्या वाहिनीला सेकंदाला ४ मेगाबिट धरून चला. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी आणि तासाला १८०० एमबी. दीड तासाची मैफल पावणेतीन जीबीत बसली. २ टीबीच्या डिस्कवर असे अकराशे तास मावतात. रोज दोन तास रेकॉर्ड केले तरी दीड वर्ष जातं. यासाठी महागडी एसएसडी नको, साधी फिरती डिस्क पुरते. सेकंदाला अर्धा एमबी लिहिणं तिला काहीच नाही. विंडोज तेवढं छोट्या एसएसडीवर ठेवा.

छत्रीकडे या. एका तोंडाच्या एलएनबीची वायर दुभागून एक बॉक्सला आणि एक कॉम्प्युटरला, असं कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. बॉक्सनं एलएनबीला १३ व्होल्ट दिले आणि त्याच वेळी ट्यूनरनं १८ मागितले तर? दोघांच्या भांडणात रात्रीचं रेकॉर्डिंग कोरं निघतं. दोन तोंडांचा एलएनबी बसवा आणि गच्चीवरून दुसरी आरजी-६ वायर स्वतंत्र खाली आणा. आपल्याकडून तो उपग्रह आग्नेयेला, साधारण ६० अंश उंचीवर आहे. त्या बाजूला नारळ किंवा चिंच वाढली असेल तर आत्ताच छाटून घ्या. मुसळधार पावसात या लहरी पाण्यातच जिरतात, त्याला इलाज नाही. ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची छत्री लावली तर मध्यम पावसात मैफल तुटत नाही. मिरजेतला जुलै आठवून मी तेवढा खर्च जरूर करीन.

विजेचं तर विचारूच नका. मध्यरात्री दोन सेकंद वीज गेली की रेकॉर्डिंग संपलं. ग्राफिक्स कार्डाच्या पैशांतून ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर मागच्या बटणावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं असतं, ते ‘यूपीएस’वर ठेवा. ‘नॉर्मल’वर बदलायला तो इतका वेळ घेतो की कॉम्प्युटर बंद पडतो. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ ही सोय चालू करून घ्या. एवढं केलंत तर पहाटे उठून कुणाला बटण दाबायला लागणार नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर, लिनक्सवर टीव्हीहेडएंड. कार्यक्रमाच्या आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं जादा धरा. बघताना सतारीवरच्या बोटांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. चित्र दोन वेळा अर्धं-अर्धं पाठवण्याची ती जुनी पद्धत आहे. व्हीएलसीमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की जातात.

उरलेल्या पैशांत दोन चांगले स्पीकर घ्या. टीव्हीच्या पाठीमागच्या चपट्या स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज येतच नाही, आणि ज्यांनी भोपळा निवडण्यापासून ते वाद्य घडवलं त्यांना तो खर्ज मिळालाच पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे पैसे भरून घेतलेली डिश आहे. बॉक्सची एचडीएमआय वायर कॅप्चर स्टिकमधून, म्हणजे चित्र टिपून घेणाऱ्या यूएसबीच्या कांडीतून, लॅपटॉपला दिली तर पडदा काळा येतो. एखादी अशी पट्टी मिळते म्हणे, जी मधे लावली की चित्र येतं. घेऊ का?
— एक वाचक, विटा

उत्तर : घेऊ नका. स्टिक बिघडलेली नाही. बॉक्समधून निघणाऱ्या चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप आहे आणि समोर कॅप्चर दिसलं की ते उघडत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारण रेकॉर्ड करायला मोकळीक देतं. पण २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं ६५-ए कलम कुलूप तोडण्याबद्दलचं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या. मात्र त्यावरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही. जे कायमचं जपायचंय ते त्यावर ठेवू नका.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळानं १९९४ मध्ये भावे नाट्यमंदिरात केलेल्या प्रयोगाच्या व्हीएचएस कॅसेट होत्या. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटातल्या गेल्या, माळ्यावरच्या दोन वाचल्या. त्या प्रयोगातले तिघं आता नाहीत. या दोन कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला कुठला कॉम्प्युटर लागेल?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या ऑगस्टमध्ये माझ्या दुकानातही पाणी होतं. खालच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या कॅसेट होत्या आणि त्यांतल्या काहींवर लग्नं होती. त्या लोकांना तोंड दाखवताना काय वाटलं ते मी विसरलेलो नाही.

इथं गोष्ट वरच्या पत्राच्या उलट आहे. कॅसेट अ‍ॅनालॉग, म्हणजे टिपणं आणि दाबणं कॉम्प्युटरलाच करायचंय. तरीही आजचा कुठलाही बरा लॅपटॉप ते करतो. कॉम्प्युटरपेक्षा महत्त्वाचा आहे व्हीसीआर. त्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, घासलेलं असेल तर कॉम्प्युटर कितीही भारी घ्या, चित्र फाटकंच येणार. जगात नवीन व्हीसीआर बनणं २०१६ पासून थांबलंय, तेव्हा आहे तोच नीट करून वापरायचा.

आधी कॅसेटची झाकणी उचलून उजेडात फीत बघा. काळ्या फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली तर फीत तुटते आणि हेडही खराब होतं. ती आधी साफ व्हायला हवी. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं गुंडाळून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात.

कॅप्चरचं यंत्र पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरींचं घ्या. सध्या सगळीकडे दिसणारी एचडीएमआयची स्टिक इथं उपयोगाची नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल’ ही आपल्याकडची टीव्हीची पद्धत निवडा. ‘एनटीएससी’ राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा लोळतं. डीव्ही प्रकारात घेतलंत तर तासाला १३ जीबी, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ४० जीबी धरा. जागा वाचवायला बघू नका. ही कॅसेट दर वेळी चालवली की थोडी झिजते, म्हणून पहिलंच घेणं पूर्ण दर्जाचं असू द्या. लोकांना द्यायला लहान फाईल त्यातून मागाहून करता येते.

आणि एक प्रत गावभागात ठेवू नका. विश्रामबागेत किंवा आणखी वरच्या भागात कुणी नातेवाईक असतील तर एक हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात, वरच्या खणात. दुसरी मंडळातल्या कुणाच्या तरी पुण्या-मुंबईतल्या मुलाकडे.

माझ्याकडे एक व्हीसीआर अजून चालू आहे. हेड गेल्याच महिन्यात स्पिरिटनं पुसून ठेवलंय. कॅसेट घेऊन या, पण आधी दुसऱ्या एखाद्या रद्दी कॅसेटवर तो तुमच्यासमोर चालवून बघू, मगच तुमची आत घालू.