मित्र त्याची २०१७ ची मर्सिडीज मला १७ लाखांना देतोय. घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेपासूनचा मित्र, त्याची पेट्रोल सी-क्लास, पुणे पासिंग, ६४ हजार किलोमीटर. बाहेर १९ सांगतात, पण तो म्हणतो "तुझ्यासाठी १७". दारात सध्या बलेनो आहे, घरचे नको म्हणतायत आणि तुम्ही रात्री झोपताना गाडीचे फोटो बघताय. (हे शेवटचं तुम्ही लिहिलेलं नाही. मी बघायचो.)

२०१९ मध्ये मी हाच उद्योग केलाय. मर्सिडीज नव्हती, दुसरी एक जर्मन सेडान, २०१३ ची डिझेल, ५२ हजार चाललेली. मालक एकच, आणि तो कॉलेजपासूनचा जिवलग. साडेअकरा लाखांना सौदा झाला, त्याच्याच घरी, चहा पिता पिता. मी बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार होता.

साडेतीन-चार महिन्यांनी चांदणी चौकाच्या चढावर, मागच्या सीटवर सासू-सासरे असताना, गाडी एका गिअरमध्येच अडकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा. कशीबशी बाजूला घेतली, क्रेन बोलावली. गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलण्याचं काम सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेलं होतं. बिल २ लाख ६४ हजार.

ते एक वेळ ठीक. खरी गंमत पुढे आहे. वर्कशॉपमध्ये गाडी सोडायची म्हणून मी डॅशबोर्डचा खण रिकामा करत होतो. मित्राने दिलेली फाइल त्यातच पडून होती, चार महिने. सहज चाळली तर त्याच्या शेवटच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवर खाली बारीक अक्षरात एक ओळ: गिअर बदलताना झटका जाणवतो, गिअरबॉक्स ऑइल बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नकार दिला.

मित्राने लपवलं असं मी म्हणणार नाही, कागद तर त्यानेच हातात दिले होते. तेव्हा पुढे ढकललं आणि नंतर विसरला असेल. वाचायचं काम माझं होतं. हीच फाइल अनोळखी माणसाने दिली असती तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली असती. त्याला मी बिलाबद्दल सांगितलं नाही. भेटला की विचारायचा, "काय, गाडी कशीये?" मी म्हणायचो, "मस्त." मग कुणाकडून तरी त्याला कळलंच. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं, आणि आमच्यात एक विषय कमी झाला.

आता तुमच्या गाडीबद्दल.

१७ लाखांचा आकडा डोक्यातून काढा. ही चाळीस-पंचेचाळीस लाखांची गाडी आहे, तिचा घसारा मित्राने सोसलाय इतकंच. पार्ट, मजुरी, टायर, सगळं त्या जुन्या किमतीच्याच हिशेबाने येणार. दारी हत्ती झुलावा ही हौस वाईट नाही, पण हत्ती म्हातारा झाला म्हणून चारा स्वस्त होत नाही. गाडी घेऊन झाल्यावर तीनेक लाख बाजूला पडून राहत असतील आणि ते गेले तर घरात भांडण होणार नसेल, तरच पुढे जा. कर्ज काढून घेणार असाल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

मित्राला एक गोष्ट आजच सांगा: "गाडी मी तुझ्याकडूनच घेतोय, पण बाहेरच्या माणसाकडून तपासून घेणार." चांगला मित्र असेल तर म्हणेल, घेऊन जा. तोंड वाकडं केलं तर तपासणीचे पैसे वाचले असं समजा. तपासणी कुणाकडून? नेहमीच्या मेकॅनिककडून नको, तो बलेनोचा माणूस. जर्मन गाड्यांचंच काम करणारी स्वतंत्र वर्कशॉप आता बऱ्याच शहरांत आहेत. ते स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलमधले फॉल्ट वाचतात. फॉल्ट नुकतेच पुसलेले असतील तर गाडीच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दिसतात, तेही विचारा. किलोमीटरची नोंद काही गाड्यांत एकाहून जास्त ठिकाणी असते, ती मीटरशी जुळते का बघायला सांगा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबरवरून पूर्ण इतिहास निघतो, तो मित्राला मागायला लावा. आणि वाचा! "सल्ला दिला, नकार दिला" असं जिथे दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा.

तुम्ही स्वतः एवढं करा: सकाळी जायचं, पण गाडी आधी चालू करू नको असं सांगून ठेवायचं. बॉनेटवर हात ठेवून बघा, गार हवं. थंड इंजिनचा पहिला आवाजच खरा. ब्रेकवर पाय ठेवून डी मधून आर, आर मधून डी करा, धक्का बसतो का पाहा. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी रबर जुनं ते जुनंच. आणि पुण्यातली गाडी आहे म्हणून सांगतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. अशी गाडी पॉलिश करून चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या शेवटच्या वितीवरची मातीची रेघ धुवायचं बऱ्याचदा राहून जातं.

दोन लाखांच्या सुटीबद्दल माझं मत जरा उलटं आहे. घेऊ नका. तपासणीत जे निघेल त्याचा खर्च वजा करून बाजारभाव ठरवा आणि तेवढे मोजून द्या. "तुझ्यासाठी कमी केले" हे वाक्य एकदा मध्ये आलं की उद्या एसीचा कॉम्प्रेसर गेल्यावर तुम्ही मनातल्या मनात म्हणणार, म्हणूनच कमी केले होते होय? आणि त्याच्या मनात असणार, एवढे सोडले तरी याचं रडगाणं आहेच. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, अडचण त्यालाच येईल.

कागदांचं फार लांबवत नाही. आरसीवर नाव मित्राचं आहे की त्याच्या कंपनीचं, हे आधी बघा. अशा गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात, मग कंपनीचं पत्र आणि ठराव लागतो. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का विचारा. ई-चलन ऑनलाइन दिसतात, ती त्याने भरून द्यावीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच. "नावावर करू रे सावकाश" असं तो म्हणाला तर त्याच्याच काळजीने नाही म्हणा. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमा १४ दिवसांच्या आत नावावर करायला टाका. त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. बलेनो विकणार असाल तर तुमचा बोनस मात्र या गाडीला लावून घेता येतो. एजंट हे सहसा आपणहून सांगत नाहीत.

बाकी गाडी चालवायला काय सुख देते ते मी सांगायची गरज नाही. सातारा रस्त्याला खंबाटकीच्या बोगद्यानंतर ती जशी पळायची, ते आठवलं की आजही उजवा पाय आपोआप दाबला जातो. मी तीन वर्षं वापरली आणि २०२२ मध्ये विकली. ओळखीतल्या दोघांनी मागितली होती. दिली नाही. जुन्या गाड्यांच्या एका डीलरला पन्नास हजार कमी घेऊन दिली, आणि ती जॉबकार्डची फाइल त्याच्यासमोर टेबलावर उघडून ठेवली.